मॅट क्लिअर मारला की मॉडेल गाडी पांढरी पडते: नागपूरच्या हवेतली कारणं आणि उपाय

लेआउटवरच्या, म्हणजे मॉडेल रेल्वेच्या देखाव्यातल्या, गाडीचं शेवटचं काम म्हणजे मॅट क्लिअरचा, म्हणजे चमक मारणाऱ्या पारदर्शक वार्निशचा, हात. रंग झालेला असतो, एमएच ३१ ची नंबरप्लेट लागलेली असते, चाकांच्या वर मातीचे शिंतोडेही उतरलेले असतात. खेळण्यासारखी चमक तेवढी घालवायची बाकी असते. हात मारून अर्ध्या तासानं पाहावं तर एसटीचा लाल रंग गुलाबी झालेला, ट्रकची काळी ताडपत्री राखाडी पडलेली, आणि खिडक्यांच्या कडेनं पिठासारखा थर. नागपुरात ही तक्रार दरवर्षी येते आणि तिचे मोसमही ठरलेले आहेत: एप्रिल-मे आणि जुलै-ऑगस्ट. पावसाळ्यात असं का होतं ते बहुतेकांना ठाऊक आहे. उन्हाळ्यातलं कारण मात्र भलतंच समजलं जातं. मग उपायही भलताच होतो आणि पुढच्या मे महिन्यात गाडी पुन्हा पांढरी.

मोठ्या मॉडेलपेक्षा रेल्वे लेआउटवरच्या गाड्यांना हा त्रास जास्त जाणवतो, कारण त्या फार लहान असतात. एचओ हे मॉडेल रेल्वेचं प्रमाण, म्हणजे १:८७. सुमारे ४.३ मीटर लांबीची अँबॅसडर या प्रमाणात जेमतेम ५० मिलिमीटरची होते. तिच्यावर क्लिअरचा ०.०५ मिलिमीटरचा थर बसला, तर खऱ्या गाडीच्या हिशेबात तो चार मिलिमीटरहून जाड झाला. एवढ्या जाडीत जरा जरी धुकटपणा आला तरी दरवाज्याच्या रेषा, लोखंडी जाळी, हेडलाइटची कड सगळं बुजून जातं. तीच अँबॅसडर १:६४ मध्ये ६७-६८ मिलिमीटर भरते, आणि तिथे हाच थर थोडाफार खपून जातो. (१:६४ च्या डायकास्ट, म्हणजे साच्यात ओतलेल्या धातूच्या, गाड्या एचओ लेआउटवर लावायच्याच असतील तर अगदी पुढच्या कडेला लावा. रुळांजवळ उभी केली की डबाच ठेंगणा वाटायला लागतो.)

मोतीबागचं नॅरोगेज रेल्वे म्युझियम बघून आपल्याकडे अनेकांनी नॅरोगेजचे लेआउट घेतले आहेत. त्यांना हे आणखी लागू आहे. अडीच फुटी गेज म्हणजे ७६२ मिलिमीटर. एचओमध्ये त्यासाठी ९ मिलिमीटरचा रूळ वापरतात, ८७ नं गुणलं की ७८३ येतात, म्हणजे पुष्कळच जवळ. या लेआउटवर आगगाडी छोटी आणि कमी डब्यांची असते. त्यामुळे देखावा भरतो तो रेल्वे फाटकाशी थांबलेल्या एसटीनं, संत्र्याच्या पेट्या लादलेल्या ट्रकनं आणि ऑटोंच्या रांगेनं. नजर गाड्यांवरच जाते, आणि पांढरी पडलेली गाडी लगेच डोळ्यांत खुपते.

पांढरं कोणतं, ते आधी ओळखा

दिसायला सगळं सारखंच पांढुरकं, पण कारणं वेगळी असतात आणि एकाचा उपाय दुसऱ्याला घातक ठरू शकतो. थिनर हातात घेण्याआधी दोन साध्या परीक्षा करा.

पहिली परीक्षा पाण्याची. ओल्या ब्रशनं त्या जागेवर पाण्याचा पातळ हात फिरवा. पाणी असेतोवर पांढरेपणा पूर्ण नाहीसा झाला आणि वाळल्यावर परत आला, तर दोष थराच्या वरच्या पृष्ठभागावर आहे. पाण्याखालीही दुधाळपणा तसाच राहिला, तर तो थराच्या आत अडकलेला आहे. आणि पांढरेपणा फक्त डिकलच्या (पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील चित्राच्या) आकारापुरता, चांदीसारखा चमकत असेल, तर डिकलखाली हवा राहिली आहे, क्लिअरचा त्याच्याशी संबंध नाही.

दुसरी परीक्षा बोटाची. टपावरून हलकेच बोट फिरवा. खरखरीत लागलं तर रंग हवेतच सुकून बसला आहे. गुळगुळीत आणि तरी पांढरं असेल तर ओल किंवा मॅटची पूड. ओलीचा पांढरेपणा बहुतेक वेळा टप-बॉनेटसारख्या सपाट भागावर, जिथे हात जाड बसला तिथे, ढगासारखा पसरतो. मॅटची पूड खाचांत आणि दरवाज्यांच्या रेषांत साचते.

बाहेर ४५ अंश आणि घरात ओल?

आता मुख्य गोष्टीकडे. मे महिन्यात पांढरी पडलेली गाडी घेऊन कुणी आलं की पहिला प्रश्न हाच असतो: "काका, बाहेर हाडं वाळवणारं ऊन आहे, नवतपा सुरू आहे, मग ओल आली कुठून?"

ओल कूलरमधून आली.

नागपूरच्या घरात मे महिन्यात कूलर बंद असण्याची शक्यताच कमी. कूलर हवा थंड करतो तो तिच्यात पाणी मिसळून. ताट्यांवरचं पाणी वाफ होताना हवेतली उष्णता घेतं, आणि ती सगळी वाफ खोलीत येते. बाहेरची हवा कोरडी ठणठणीत असते म्हणून तर कूलर इतका छान चालतो. पण ज्या खोलीत तुम्ही रंगकाम करता तिथली हवा आर्द्रतेच्या बाबतीत जवळजवळ श्रावणातली झालेली असते. दार-खिडक्या लावून कूलर चालवला तर आणखीच.

आता क्लिअरचं काय होतं ते बघू. लॅकरच्या, म्हणजे थिनरमध्ये विरघळवलेल्या, क्लिअरमधला द्रव फार भरभर उडतो, आणि उडताना पृष्ठभाग गार करतो. स्प्रे कॅनमधला वायू बाहेर पडतानाही गारठा करतो, म्हणून तर सतत दाबल्यावर कॅन हाताला थंड लागतो. पृष्ठभाग दवबिंदूच्या, म्हणजे ज्या तापमानाला बाष्पाचं पाणी होतं त्याच्या, खाली गेला की हवेतलं बाष्प ओल्या थरावर दव होऊन बसतं. हे पाणी क्लिअरमध्ये मिसळत नाही, त्याचे अतिसूक्ष्म कण थरात अडकतात. पाणी नंतर उडून गेलं तरी त्यांच्या जागी पोकळ्या उरतात, प्रकाश त्यांवर विखुरतो आणि थर दुधाळ दिसतो.

आकडे बघितले की फरक नीट कळतो. बाहेर ४० अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू साडेआठ अंशांच्या आसपास असतो, म्हणजे पृष्ठभाग तीस-एकतीस अंशांनी गार झाला तरच दव पडेल. तसं होत नाही. कूलरच्या खोलीत ३२ अंश आणि ६५ टक्के असतील तर दवबिंदू साडेचोवीसच्या जवळ, म्हणजे अंतर फक्त साडेसात अंशांचं. ऑगस्टमध्ये ३० अंश आणि ८० टक्के असताना दवबिंदू सव्वीस, अंतर चारच अंशांचं. स्प्रे एवढा गारठा सहज करतो.

म्हणून माझं ठाम मत आहे की नागपूरच्या मॉडेलकारानं नवा एअरब्रश (दाबाच्या हवेनं रंग फवारणारं पेन) किंवा महागडं क्लिअर घेण्याआधी तापमान आणि आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल यंत्र घ्यावं. काहीशे रुपयांत मिळतं. ते कामाच्या टेबलावरच ठेवा, बैठकीच्या भिंतीवर नाही. ६० टक्क्यांच्या खाली असेल तर निर्धास्त मारा. ६० ते ६५ मध्ये पातळ हात, थांबून थांबून. त्याच्या वर लॅकर क्लिअर काढूच नका, मग ते कितीही नावाजलेलं असो.

कूलरपुरता उपाय सोपा आहे. काम सुरू करायच्या तासभर आधी कूलरची पाण्याची मोटर बंद करा आणि नुसता पंखा चालू ठेवून खिडक्या उघडा. ताट्या वाळेपर्यंत ओल येतच राहते, म्हणून लगेच फवारू नका, यंत्रातला आकडा खाली आला की मग. प्रत्यक्ष फवारताना पंखाही बंद करा, नाहीतर ताट्यांतला कचरा उडून ओल्या क्लिअरवर बसतो.

एसीचं गणित उलटं आहे. एसी हवेतलं पाणी काढून घेतो, त्यामुळे एसीच्या खोलीत गाडी वाळवणं उत्तम. पण खिडक्या बंद ठेवून तिथे फवारू मात्र नका. लॅकरची वाफ श्वासाला वाईट आणि पेट घेणारी असते. उघडी हवा, सेंद्रिय वाफांसाठीचं फिल्टर असलेला मास्क, आणि जवळपास गॅस किंवा देवासमोरचा दिवा नाही, एवढं पाळाच.

पांढरी झालेली गाडी परत आणता येते

ओलीमुळे पांढरा झालेला लॅकर थर बहुतेक वेळा वाचवता येतो, म्हणून लगेच रंग सोलायला घेऊ नका. आधी दोन दिवस कोरड्या जागी राहू द्या. झाकण घट्ट बसणारा धान्याचा प्लास्टिकचा डबा, तळाशी सिलिका जेलच्या पिशव्या, वर जाळीवर गाडी. हलका धुकटपणा कधी कधी एवढ्यानंच उतरतो.

नाही उतरला तर त्याच जातीच्या ग्लॉस, म्हणजे चमकदार, क्लिअरचा एक पातळ हात कोरड्या हवेत मारा. ताजा द्रव खालचा थर थोडा मऊ करतो, पोकळ्या मिटतात आणि रंग परत खोल दिसायला लागतो. मग दुसऱ्या दिवशी मॅटचा पातळ हात. हे फक्त लॅकरवर लॅकर असेल तरच चालतं. पाण्यातल्या अॅक्रिलिक वार्निशचा थर एकदा वाळला की असा पुन्हा उघडत नाही.

हट्टी ढगासाठी रिटार्डर, म्हणजे द्रव उडण्याचा वेग कमी करणारं द्रावण. मिस्टर हॉबीच्या लेव्हलिंग थिनरमध्ये ते आधीच असतं. एअरब्रशनं १५-२० सेंटीमीटरवरून इतकंच फवारा की पृष्ठभाग क्षणभर चमकेल, वाहणार नाही. थिनर ब्रशनं कधीही लावू नका. ऑटो पेंटच्या दुकानातलं एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर तर प्लास्टिकच्या एचओ गाडीजवळही आणू नका. विकिंग, हेर्पा अशांच्या गाड्या प्लास्टिकच्या असतात, आणि त्या थिनरनं त्यांचे बारीक तपशील विरघळून जातात. धातूच्या डायकास्टला तेवढी भीती नाही, पण तिच्याही खिडक्या, बंपर आणि आरसे प्लास्टिकचेच असतात. काचा काढून घ्या किंवा झाका, आणि आधी गाडीच्या पोटाकडच्या बाजूला करून बघा. डिकल थिनरच्या जाड हाताखाली सुरकुततात हेही ध्यानात असू द्या.

पावसाळ्यात काम अडलंच असेल तर गाडी आणि कॅन दोन्ही एकाच खोलीत तासभर राहू द्या, आणि फवारण्याआधी गाडीवर हेअर ड्रायरची कोमट हवा फिरवा. गाडी हवेपेक्षा दोन-चार अंश उबदार असली की दवबिंदूपासून तेवढी दूर राहते. कोमट म्हणजे हाताला सोसेल एवढीच. पातळ प्लास्टिक तापलं की टप वाकतो आणि मग तो सरळ होत नाही. एअरब्रशवाल्यांनी कॉम्प्रेसरच्या ओलावा पकडणाऱ्या बाटलीतलं पाणी मध्ये मध्ये सोडत राहावं. दमट हवा दाबली की नळीत पाणी सुटतं आणि त्याचे थेंब थेट गाडीवर येतात.

गच्चीवर मारलं आणि खरखरीत झालं

कूलरची खोली टाळायची म्हणून लोक गच्ची गाठतात, आणि तिथे दुसरंच संकट. दुपारी तीनला ४४ अंशांत फवारलेला थेंब गाडीपर्यंत पोचायच्या आतच अर्धा सुकतो आणि पुडीसारखा जाऊन बसतो. बोट फिरवलं की सँडपेपर. याला ओलीचा उपाय लागू नाही.

उन्हाळ्यात काम पहाटे करा. साडेपाच-सहाला गच्ची सुसह्य असते, हवा कोरडी असते आणि वाराही बहुतेक पडलेला असतो. कॅन नेहमीपेक्षा थोडा जवळ धरा, थेंब ओलाच बसायला हवा. एअरब्रश असेल तर रिटार्डरचे थेंब जास्त. झालेली खरखर दोन हजार किंवा त्याहून बारीक ओल्या पॉलिश पेपरनं अगदी हलक्या हातानं उतरवा, कडांवर घासू नका, तिथला रंग आधी जातो. मग ग्लॉसचा हात, मग मॅट.

मॅट क्लिअरमधली पूड हे तिसरं कारण. मॅटपणा येतो तो त्यातल्या सिलिकाच्या बारीक कणांमुळे, आणि हे कण तळाशी बसतात. कॅन नीट न हलवता मारला तर आधी चकाकी येते आणि शेवटी पांढरी पूड. आतली गोळी वाजायला लागल्यापासून दोन मिनिटं हलवायचं. बाटलीतलं क्लिअर हलवण्यापेक्षा काडीनं तळापासून ढवळलेलं बरं. आणि जाड एक हात देण्यापेक्षा पातळ दोन. खाचांत पूड साचलीच असेल तर ग्लॉसच्या हातानं ती झाकली जाते.

डिकल आणि काचा

चंदेरी डिकलचं मूळ खालच्या रंगात असतं. मॅट रंग सूक्ष्म खडबडीत असतो, त्याच्या खड्ड्यांत हवा राहते. म्हणून डिकलआधी ग्लॉस, डिकलनंतर मॅट, हा क्रम सोडू नका. चंदेरी झालेल्या डिकलला बारीक सुईनं टोचे मारा आणि मायक्रो सोल किंवा मार्क सॉफ्टरसारखं डिकल मऊ करणारं द्रावण लावा. ते टोच्यांतून खाली उतरतं आणि डिकल रंगावर बसतं. एकदा करून अर्धं जातं, राहिलेलं पुन्हा.

घरी छापलेल्या डिकलबद्दल एक सूचना. ट्रकच्या पिवळ्या नंबरप्लेटसाठी आणि मागच्या रंगीत पाटीसाठी पांढऱ्या पार्श्वभूमीचा डिकल कागद घ्या. साधा प्रिंटर पांढरी शाई छापत नाही, त्यामुळे पारदर्शक कागदावर पांढरी अक्षरं उमटतच नाहीत आणि पिवळा रंग लाल गाडीवर मातकट पडतो. इंकजेटचा डिकल पाण्यात टाकण्याआधी त्यावर क्लिअर मारून वाळवावाच लागतो. आणि भिजवायला बोअरचं पाणी नको. जड पाणी वाळलं की डिकलभोवती क्षारांची पांढरी कड राहते, जी लोक मग क्लिअरच्या नावावर खपवतात. आरओचं पाणी वापरा. कूलर लेआउटच्या समोर असेल तर त्याचे तुषारही असेच ठिपके सोडतात. ते ओल्या मऊ कापडानं लगेच पुसले तर निघतात.

खिडक्यांच्या आतून आलेली पांढरी वाफ ही सुपर ग्लूची करणी. या गोंदाची वाफ हवेतल्या ओलाव्याशी मिळते आणि पांढरी पूड होऊन जवळच्या काचेवर बसते. गोंद जास्त आणि गाडी बंद, की हमखास. काचांना सुपर ग्लू लावूच नये. वाळल्यावर पारदर्शक होणारा पांढरा गोंद टूथपिकनं लावा, एवढ्याशा काचेला तो पुरतो. आधीच वाफ धरलेली काच पॉलिशनं घासून बघा, आणि आतून हात पोचत नसेल तर तेलाचं एक बोट अगदी पातळ फिरवलं की पांढरेपणा दिसेनासा होतो.

जुन्या डायकास्टचा पांढरेपणा वेगळा

जुन्या बाजारातून किंवा संग्रहातून घेतलेल्या डायकास्ट गाडीवर रंगाखाली फोड, बारीक भेगा आणि राखाडी-पांढरी भुकटी दिसली तर तिला क्लिअर मारू नका. जस्ताच्या मिश्रधातूत शिशासारखी अशुद्धी राहिली तर धातू आतून फुगतो आणि तडकत जातो. दमट हवेत आणि उष्णतेत हे वेगानं होतं. यावर उपाय नाही. फार तर चाकं, काचा आणि बंपर काढून दुसऱ्या गाडीला वापरा. इतर गाड्यांना हा रोग लागत नाही, पण त्याच कपाटातल्या त्याच काळातल्या गाड्या एकदा नीट तपासा.

मऊ टायरवरची पांढरट चिकट साय म्हणजे टायरमधलं मऊपणा आणणारं द्रव्य बाहेर येणं. साबणाच्या कोमट पाण्यानं धुवा. अशा गाड्या उन्हाळ्यात प्लास्टिकच्या खोक्यावर किंवा रंगवलेल्या रस्त्यावर महिनोन् महिने एकाच जागी उभ्या ठेवू नका, तेच द्रव्य खालचं प्लास्टिक आणि रंग मऊ करून टायर चिकटवतं. चाकांखाली बटर पेपरचा तुकडा पुरेसा आहे.

क्लिअरचं काम साठवून ठेवता आलं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे आपले महिने. हवा कोरडी, ऊन सौम्य. डिसेंबरच्या सकाळी पारा १०-१२ वर असतो तेव्हा मात्र दहा वाजेपर्यंत थांबा, गार कॅनमधून फवारा नीट फुटत नाही. मार्च उजाडला की कॅन गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीतून खाली आणा. कॅनवर ५० अंशांच्या वर नेऊ नये असं छापलेलं असतं, आणि पत्र्याखाली किंवा उन्हात लावलेल्या गाडीत नागपूरच्या मे महिन्यात तो आकडा दुपारीच ओलांडला जातो. घरातल्या लाकडी कपाटाचा खालचा कप्पा, गॅसपासून लांब, हीच त्यांची जागा.